गवळण घरी पोचेपर्यंत

आमच्याकडे गाणाऱ्या माणसाला कोणी "कसा गातोस" असं विचारत नाही. "ते येते काय?" असं विचारतात. आणि त्याला उत्तर एकच असतं, "हाव." नाही म्हणालात की ती बातमी मांडवातून पार चुलीपर्यंत जाते, आणि पुढच्या लग्नसराईत तुमच्या जागी दुसराच कोणी कीबोर्ड मांडून बसलेला दिसतो. म्हणून मी "हाव" आधी म्हणायचो आणि गाणं नंतर आठवायचो. मधल्या वेळात डाव्या हाताने एक सूर दाबून धरायचा आणि उजव्या हाताने माईक ठीकठाक करायचा. लोकांना वाटायचं, कलाकार तयारी करतोय.

मी मेहकर तालुक्यातला, जानेफळच्या बाजूचा. घरी सोयाबीन आणि तूर, ते वडील आणि मोठा भाऊ पाहतात. मी कीबोर्ड वाजवतो आणि गातो. आमच्या पार्टीत चौघं आहेत, पण या गोष्टीपुरता कामाचा एकच, ढोलकीवाला. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, दिवसा पिठाची गिरणी चालवतो आणि कार्यक्रमाला भुवयांवर पीठ घेऊनच येतो. मी त्याला दादा म्हणतो. तो मला बे म्हणतो.

आम्ही सगळं करायचो. हळद, साखरपुडा, बारसं, नवरात्रातलं जागरण, जयंतीचा कार्यक्रम, मास्तरांचा निरोप समारंभ आणि तेरवीचं भजनसुद्धा. त्यामुळे गाणीही सगळीकडची लागायची. भीमगीतं मी जयंतीच्या मिरवणुकीमागे चालत चालत शिकलो. कव्वाली उरुसात शिकलो, स्टेजच्या मागे बसून, कारण पुढे बसलं की टाळ्या वाजवाव्या लागतात आणि लिहायला हात मोकळा राहत नाही. होळीची लेंगी शेजारच्या बंजारा तांड्यावर शिकलो. तिथल्या बायांना माझे उच्चार ऐकून इतकं हसू यायचं की त्या पुन्हा पुन्हा मला तेच म्हणायला लावायच्या, आणि त्या हसण्यापायीच ते पाठ झालं. जुनी हिंदी गाणी मला मेहकर-डोणगाव रस्त्यावरच्या काळीपिवळीने शिकवली. तिच्या ड्रायव्हरकडे एकच पेनड्राइव्ह होता आणि मी दोन वर्षं रोज पुढच्या सीटवर बसायचो.

हे सगळं तीन जाड वह्यांमध्ये आहे. वर पट्टी लिहायची, काळी दोन की पांढरी चार. खाली मुखडा. त्याखाली पहिला अंतरा. मग एक आडवी रेघ, आणि रेघेखाली पुढचं गाणं. नऊशेच्या वर गाणी आहेत. पाव्हणे आले की आई त्या वह्या दाखवायची, इतरांच्या घरी मुलांची प्रशस्तिपत्रं दाखवतात तशी.

आता चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल की दुसऱ्या अंतऱ्याचं मी काही बोललो नाही. तो वहीत नव्हताच. एकाही गाण्याचा नव्हता. त्यात आळस होता हे मी कबूल करतो, पण तो अनुभवातून आलेला आळस होता. हळदीच्या मांडवात पहिला अंतरा संपेपर्यंत नवी चिठ्ठी आलेली असते, किंवा नाचणाऱ्यांना दम लागलेला असतो, किंवा कोणी तरी ओरडतं की पंगत बसली. दुसरा अंतरा ऐकायला कोणी उरत नाही. ढोलकीवाल्या दादाचं तर तत्त्वज्ञानच होतं. तो म्हणायचा, "पयला अंतरा झाला का गानं म्हातारं होते बे. म्हाताऱ्याले कोन नाचवते?"

म्हणून आमचा ठरलेला शेवट होता. पहिला अंतरा झाला की मुखड्यावर परत यायचं, दादाने तिहाई मारायची, आणि मी उजव्या हाताचा अंगठा कीबोर्डवर वरून खालपर्यंत ओढायचा. धुर्रर्र. त्या धुर्ररवर लोक हमखास टाळ्या वाजवायचे. पुढे पुढे तो अंगठा इतका सवयीचा झाला की एका तेरवीलाही मी भजनाच्या शेवटी तो ओढला. वर घाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि कीबोर्डमधून हळदीचा ठेका सुरू झाला. मांडवभर माणसं माना खाली घालून बसलेली. मला धरणी दुभंगावी असं झालं. तेवढ्यात गेलेल्या माणसाचा धाकटा भाऊ म्हणाला, "राहू द्या, भाऊले नाचाची हौसच होती." आणि मग मांडवातलं एक एक माणूस रडता रडता हसायला लागलं.

एवढी गाणी येत असूनही माझं लग्न मात्र जमत नव्हतं. मुलीचे वडील विचारायचे, "काय करता?" माझे मामा सांगायचे, "गातो." वडील म्हणायचे, "ते झालं, पन काम काय करते?" हा संवाद मी इतक्या घरांत ऐकला की त्यालाही चाल लावता आली असती. मला नाही म्हणालेल्या दोन मुलींच्या हळदीत मीच गायलो. त्यातल्या एकीने फर्माईशही केली. मी "हाव" म्हणालो आणि गायलो. धंदा म्हणजे धंदा.

अशात मामांनी वडनेर भोलजीचं स्थळ आणलं. आम्ही घाटावरचे, वडनेर घाटाखाली. घाटाखालचे लोक आम्हाला थंड समजतात आणि आम्हाला वाटतं की ते ऊन खाऊन खाऊन तापट झालेत, पण सोयरिकी दोन्हीकडून चालतात. मुलगी गावातल्या बालवाडीत शिकवायची. तिचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते, नुकतेच निवृत्त झालेले. गाडीत मामांनी मला बजावलं, "कमी बोलजो. बुढा जरा इचित्र हाय. त्याच्या घरात रेडिओवरचं गानं मधात बंद करू देत नाही. जेवन थंडं झालं तरी चालन."

मी हसलो. मला वाटलं, गाणं आवडणारा सासरा म्हणजे लॉटरीच लागली.

पोहे आले, चहा आला. मुलगी आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. बसली म्हणजे नीट टेकून बसली, खुर्चीच्या काठावर नाही. मामांनी रीतीप्रमाणे विचारलं, "पोरीले गानंबिनं येते काय?" यावर तिचे वडील म्हणाले, "आमी पोरीले गाले लावत नाही. गानारा तं तुमचा पोट्टा हाय. त्यालेच गाऊ द्या. काय ऐकाचं ते ती सांगन."

असा बघण्याचा कार्यक्रम मी आधी पाहिला नव्हता. पण मला मनातून उकळ्या फुटत होत्या. नऊशे गाणी घेऊन बसलेल्या माणसाला आणखी काय हवं?

तिने जरा विचार केला आणि एका गवळणीचं नाव घेतलं. आमच्या भागातली जुनी गवळण. गवळणींतली बाई जाते तशी हीही पाण्याला जाते, आणि पाणवठ्यावर हिचं मडकं फुटतं.

"येते काय?" तिने विचारलं.

"हाव," मी म्हणालो.

डोळे मिटून गायलो. माझा आवाज बरा आहे, आणि त्या दिवशी तो बऱ्याहून बरा लागला. मडकं फुटलं, मुखड्यावर परत आलो, आणि हात आपोआप चालला. कीबोर्ड नव्हता म्हणून अंगठा मांडीवरून गुडघ्यापर्यंत ओढला आणि धुर्रर्र तोंडानेच काढलं.

कोणी टाळी वाजवली नाही. तिने विचारलं, "पुढं?"

"पुढं काय?"

"मडकं फुटलं. मंग ते घरी गेली का नाही?"

"गेली असन," मी म्हणालो.

मामा मोठ्याने हसले. तिचे वडील हसले नाहीत. तिने दुसरं गाणं सांगितलं, त्यात एक शिपाई सुट्टीवर निघतो. मी त्याला एका अंतऱ्यात स्टेशनापर्यंत आणून सोडलं. तिसरं सांगितलं, त्यात लेक माहेराला निघते. तिला मी पहिल्याच नदीपाशी उभं केलं. मग ती जराही आवाज न चढवता, मुलांना शिकवतात त्या सुरात म्हणाली, "तुमच्या गान्यातलं कोनीच घरी पोचत नाही."

मला ती आवडली. तिथेच, पोह्यांच्या ताटलीसमोर, आणि नेमकी ती माझी बिनपाण्याने करत असताना. आजवर हजारो लोकांनी माझी गाणी ऐकली होती, पण पुढचं ऐकायला थांबलेली ही पहिली. आणि नेमकं तिच्यासमोर माझ्याकडे पुढचं नव्हतं.

दोन दिवसांनी निरोप आला. मामांनी तो शब्दाला शब्द सांगितला. तिचे वडील म्हणाले होते, "पोट्टा वाईट नाही. पन एका अंतऱ्यावर उठनारा मानूस संसाराले किती पुरन?"

याआधी नकार आला की मी चहा प्यायचो आणि रियाजाला बसायचो. या वेळी चहा गार झाला. मी गिरणीवर गेलो आणि दादाला सगळं सांगितलं. तो पट्टा चढवता चढवता म्हणाला, "मंग शिक न पुढचं. रडून काऊन राह्यला?"

पुढचं शिकायचं म्हणजे आधी ते सापडायला हवं. दादाला येत नव्हतं. मोबाइलवर शोधलं, तर तिथे गवळण मडकं फुटण्याआधीच कापलेली, आणि वर तीन पोरी त्यावर नाचत होत्या. लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरनेटवाल्याकडे गेलो. त्याने सगळी गवळण वाजवून दाखवली, चांगली चार कडवी. मी म्हणालो, शब्द सांगा. तो म्हणाला, "पस्तीस वर्सं वाजवून राह्यलो, शब्दाची कधी गरजच नाही पडली."

शेवटी जानेफळच्या महिला भजनी मंडळातल्या एका मावशींचा पत्ता लागला. मी वही घेऊन दुपारी त्यांच्या ओसरीवर हजर. मावशी म्हणाल्या, "मले असं नुसतं तोंडानं नाही येत बाप्पा. हाताले काम पाह्यजे." आणि त्यांनी सुपात तूर घेतली. एक सूप माझ्यापुढेही सरकवलं. तूर निवडायला लागल्या तसे शब्द यायला लागले. अडचण एवढीच की खडा सापडला की त्या थांबायच्या, आणि थांबल्या की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. मधूनच धरणं त्यांना जमत नव्हतं. त्या वर्षीच्या तुरीत खडे फार होते. तीन दुपारी मी त्यांची तूर निवडली तेव्हा कुठे चौथं कडवं हाती लागलं.

आणि चौथ्या कडव्यात ती बाई घरी पोचते. रिकामी कंबर घेऊन, भीत भीत. सासू दारातच उभी असते. पण सासू रागावत नाही, हसते, कारण तिचंही मडकं एके काळी त्याच पाणवठ्यावर फुटलेलं असतं. हे ऐकताना माझा तूर निवडणारा हात थांबला. ही गवळण मी कमीत कमी शंभर मांडवांत गायलो असेन. शंभर वेळा त्या बाईला फुटक्या मडक्यापाशी सोडून मी धुर्रर्र केलं होतं. मला खरोखर लाज वाटली.

मावशी म्हणाल्या, "थांबला काऊन? निवड न."

आता प्रश्न तिला ऐकवायचं कसं. मी म्हणालो, रेकॉर्ड करून तिच्या वडिलांना पाठवतो. दादा म्हणाला, "तिनं समोरचं गानं मांगतलं बे, डब्यातलं नाही." आणि तो कामाला लागला. वडनेर भोलजीला त्याच महिन्यात एक हळद होती, पण ती दुसऱ्या पार्टीने घेतलेली. दादाने त्यांना आमचा मेहकरचा मोठा कार्यक्रम देऊन टाकला आणि बदल्यात ती हळद घेतली. मी म्हणालो, दादा, हे नुकसान आहे. त्याने भुवया झटकल्या, पीठ उडालं, आणि तो विषय संपला.

हळद दुपारी चारची होती. मांडव गच्च भरलेला, नवरदेवाचे मित्र सुरुवातीपासूनच घामाघूम. ती बायांच्या घोळक्यात, खांबाला टेकून बसलेली. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं आणि शेजारणीशी बोलायला लागली. मी गाण्यामागून गाणी गात होतो, एक अंतरा, धुर्रर्र, एक अंतरा, धुर्रर्र. तासाभराने एक चिठ्ठी हातोहात पुढे आली. लग्नपत्रिकेची कोरी बाजू, कोपऱ्याला हळदीचं बोट उमटलेलं. वर त्या गवळणीचं नाव. खाली एकच शब्द: पूर्ण.

मी दादाकडे पाहिलं. दादाने ढोलकीची दोरी ओढून घेतली.

पहिल्या कडव्याला मित्रमंडळ नाचलं. मडकं फुटलं, मुखडा आला, आणि सगळे सवयीने धुर्ररची वाट पाहत हात वर करून थांबले. मी दुसरं कडवं सुरू केलं. वर केलेले हात तसेच राहिले. मग एक एक खाली आला. नवरदेवाचा मामा, जो मांडवाचा कारभारी होता, म्हणाला, "ओ मास्तर, नाचाचं लावा." मी मान हलवली आणि गात राहिलो. एकजण ओरडला, "दुसरं लाव बे!" माझा अंगठा अक्षरशः वळवळत होता. आयुष्यात कधी मांडव हातचा जाऊ दिला नव्हता, आणि आता तो डोळ्यांदेखत चालला होता. तिसऱ्या कडव्याला मामाने पंगतीची हाळी दिली आणि मांडव भराभर उठला. चपला शोधणारे, पोरांना हाका मारणारे, सगळे माझा आवाज ओलांडून गेले. मी तिच्याकडे पाहत नव्हतो, कारण तीही उठली असेल तर पुढे गाता आलं नसतं.

चौथं कडवं आलं तेव्हा वर पाहिलं. मांडवात हळद सांडलेल्या सतरंज्या होत्या, कोपऱ्यात मंडपवाला झोपलेला होता, आणि खांबाला टेकून ती होती. शेजारीण तिला पंगतीला ओढत होती. ती हात सोडवून घेऊन बसून राहिली. मी त्या बाईला दारापर्यंत आणलं, सासूला हसवलं, मुखड्यावर परत आलो आणि थांबलो. अंगठा कीबोर्डवर ठेवलाच नाही. दादाचीही तिहाई नव्हती, त्याने नुसता हात ढोलकीवर टेकवला. ती उठली, पदर झटकला आणि जेवायला गेली.

त्या हळदीनंतर नवरदेवाच्या मामाने आम्हाला चार गोष्टी सुनावल्या. परतताना घाटात दादा म्हणाला, "तिसऱ्या कडव्यात तू घाई केली."

आठवड्याने माझ्या मामांना फोन आला. तिच्या वडिलांनी आधी पाऊसपाणी विचारलं, तुरीचं विचारलं, आणि मग म्हणाले, "पोट्टीनं सांगतलं, मांडव खाली झाला तरी गडी उठला नाही म्हने. या मंग पुढचं बोलाले."

लग्न वडनेरलाच झालं. गायला डोणगावची पार्टी होती, तेही आमच्याच जातकुळीचे, एका अंतऱ्याचे. प्रत्येक गाणं संपलं की माझे सासरे पहिल्या रांगेतून विचारायचे, "पुढं?" त्या बिचाऱ्यांना कळेना की हा माणूस खूश आहे की नाराज. आता माझ्या वह्यांच्या समासात बारीक अक्षरात दुसरे, तिसरे, चौथे अंतरे आहेत, आणि ते अक्षर माझं नाही. मांडवात मी अजूनही बहुतेक वेळा एकच अंतरा गातो, पोट आहे. पण समासातलं घरी येऊन गातो.

लग्न लावून आम्ही घाट चढलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. घरासमोर गाडी थांबली. दारात आई भाकरतुकडा घेऊन उभी, उंबऱ्यावर तांदळाचं माप. शेजारी उभ्या नवरीचा चेहरा मला दिसत नव्हता, पण माझ्या उपरण्याला बांधलेला तिचा पदर थरथरत होता. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की घाबरली तीही आहे. आईने तुकडा ओवाळून टाकला आणि तिच्याकडे पाहून हसली. तिने उजव्या पायाने माप लवंडलं, आत पाऊल टाकलं आणि फक्त मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, "पोचली."

पण आईने ते ऐकलंच. म्हणाली, "हाव व माय, घाटात लय येळ लागते."